नागासाकीची थंडी आणि आपले यात्रेकरू

गेल्या महिन्यात बडोद्याच्या वाडी भागातून आम्हांस एक पत्र आले. पत्र लिहिणाऱ्या आजीबाई मूळच्या आपल्या वसईच्या. लग्नानंतर त्या बडोद्यास गेल्या आणि वाडीतल्या मराठी शेजारात त्यांची पन्नास वर्षे सरली. त्यांचा धाकटा मुलगा जपानात फुकुओका शहरी नोकरीस आहे. गतवर्षी आजींचे यजमान देवाघरी गेले. उभयतांनी मिळून केलेला एक नवस मात्र तसाच राहून गेला. संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ज्या टेकडीवर प्राण अर्पिला, त्या नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारीस, त्यांच्या हौतात्म्याच्या दिवशी, उभे राहून प्रार्थना करावयाची, असा तो नवस. मुलगा म्हणतो, "आई, तू एप्रिलात ये. तेव्हा हवा सुखाची असते." आजींचे वय ७२. गुडघे दुखरे, आणि हिवाळ्यात छातीही थोडी भरते. त्या आम्हांस विचारतात, "फादर, तिथली थंडी म्हणजे नेमकी कशी? मला सोसेल का? गोड बोलू नका, खरे ते सांगा."

हा प्रश्न एकट्या आजींचा नाही. आपल्या धर्मग्रामांतून परदेशी यात्रेस जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि संत गोन्सालोंची जन्मभूमी म्हणून वसईकरांचे पाऊल नागासाकीकडे वळणे स्वाभाविकच आहे. म्हणून आजींची अनुमती घेऊन, त्यांचे नाव न देता, आम्ही त्यांस उत्तर येथेच देत आहोत.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नागासाकीस गेलो होतो. पोहोचलो त्या दिवशी लख्ख ऊन होते. बंदरावरून फिरताना अंगातला स्वेटरदेखील जड वाटू लागला. मनात म्हटले, लोक उगाच भिववतात. ही तर माथेरानची हवा! दुसऱ्या दिवशी सकाळी तोच स्वेटर, त्यावर एक शाल आणि पायांत उघड्या चपला, अशा थाटात आम्ही टेकडी चढलो. अर्ध्या तासात वारा सुटला, आभाळ खाली उतरले आणि पाऊस व बर्फ ह्यांचे मिश्रण तोंडावर आपटू लागले. त्या रात्री ताप भरला तो तीन दिवस उतरला नाही. दोष त्या शहराचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

आकडे काय सांगतात

नागासाकी हे जपानच्या क्युशू नावाच्या बेटावरील, देशाच्या पश्चिम टोकाकडील बंदर. तेथे फेब्रुवारीत दुपारचे तापमान सरासरीने १२ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्रीचे ४ ते ५ अंशांपर्यंत उतरते. जानेवारी ह्याहून थोडा थंड, तर मार्च बराच उबदार. मार्चच्या दुपारी १५ अंशांचा पल्ला गाठला जातो.

हे आकडे वाचून वाडीतील माणसास अर्थबोध व्हावयाचा नाही, म्हणून दुसऱ्या रीतीने सांगतो. बडोद्यास जानेवारीतील कडाक्याच्या पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो. लोक कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसतात आणि सूर्य कधी वर येतो म्हणून वाट पाहतात. ती आपली पहाट म्हणजे नागासाकीची भर दुपार. तेथील रात्र ह्याच्याही पुष्कळ खाली. आणि आपल्याकडे पहाटेच्या थंडीनंतर दहा वाजेपर्यंत ऊन अंगास चटका देऊ लागते, तसे तेथे होत नाही. दिवस उगवतो तो सकाळी सव्वासाताच्या सुमारास, आणि सायंकाळी सहा वाजण्यापूर्वीच सूर्य मावळलेला असतो.

कोणी विचारील, नागासाकी तर फार उत्तरेस नाही. मग इतकी थंडी का? प्रश्न रास्त आहे. नागासाकी आणि आपले जम्मू ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तरीही नागासाकीचा हिवाळा अधिक बोचरा. ह्याचे कारण सायबेरियात आहे. हिवाळ्यात त्या अफाट भूप्रदेशावरील हवा विलक्षण थंड व जड होते आणि तेथून वारे समुद्राकडे धावू लागतात. आपल्या देशाच्या माथ्यावर देवाने हिमालयाची भिंत उभी केली आहे. ती हे वारे अडविते. जपानला अशी भिंत नाही. वायव्येकडून येणारा वारा कोरियाच्या बाजूचा समुद्र ओलांडताना पाण्यावरील बाष्प उचलतो आणि क्युशूच्या पश्चिम किनाऱ्यावर ढग, रिमझिम व क्वचित बर्फ घेऊन उतरतो. म्हणून तेथील फेब्रुवारीचे आकाश पुष्कळदा राखी रंगाचे असते. आपल्या हिवाळ्याची कोरडी, निळी, स्वच्छ हवा डोळ्यांपुढे ठेवून जो जाईल, त्याची निराशा होईल.

मात्र भीतीचे चित्रही काढावयास नको. नागासाकीच्या किनाऱ्याजवळून उबदार पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यामुळे उत्तर जपानात साचतात तसे बर्फाचे डोंगर येथे साचत नाहीत. बर्फ वर्षातून थोडेच दिवस पडते आणि बहुधा लवकर वितळते. परंतु पडले की शहराची तारांबळ उडते, कारण शहर सारे डोंगरउतारावर वसलेले. २४ जानेवारी २०१६ रोजी तेथे १७ सेंटिमीटर बर्फ साचले. त्या शहराच्या नोंदींतील तो उच्चांक होता. उत्तरेकडील लोक ह्या आकड्यास हसतील, पण उतारावरच्या वाहनांना आणि उघड्यावरून गेलेल्या पाण्याच्या नळांना तेवढेही भारी पडते.

तीन दिवस थंडी, चार दिवस ऊब

आजींनी आकड्यांपेक्षा एक गोष्ट अधिक लक्षात ठेवावी. तेथील सरत्या हिवाळ्याचा स्वभाव चंचल आहे. पूर्व आशियात एक जुना वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ 'तीन दिवस थंडी, चार दिवस ऊब' असा. सायबेरियाचा जोर वाढला की दोन-तीन दिवस गारठा, तो ओसरला की ऊन, पुन्हा गारठा. आम्ही फसलो ते ह्याच फेऱ्यात. जपानी पंचांगाप्रमाणे ४ फेब्रुवारीच्या सुमारास वसंत ऋतूचा आरंभ होतो. त्याच्या आदल्या दिवशी लोक घराबाहेर भाजलेले सोयाबीन फेकून अवदसेस हाकलून लावतात. पण पंचांगातला वसंत निराळा आणि अंगास लागणारा वसंत निराळा. आलुबुखाराच्या जातीची 'उमे' नावाची झाडे मात्र फेब्रुवारीत खरोखर फुलतात, आणि निष्पर्ण फांदीवरील ती पांढरी-गुलाबी फुले पाहून जीव सुखावतो. चेरीची प्रसिद्ध फुले पाहावयाची तर मार्च अखेरीची वाट पाहावी लागते.

ह्याच दिवसांत आणखी एक वारा येतो. त्यास 'हारु-इचिबान', म्हणजे 'वसंताचा पहिला', असे म्हणतात. दक्षिणेकडून अकस्मात जोरदार व उबदार वारा सुटतो. लोकांस वाटते, हिवाळा संपला. हे नाव ऐकावयास गोड, परंतु त्यामागची कथा दुःखाची आहे. नागासाकी प्रांतातच इकी नावाचे बेट आहे. १८५९ साली तेथील मच्छीमार समुद्रात असताना हा वारा उठला आणि ५३ जण बुडून मेले. तेव्हापासून त्या बेटावरील लोक ह्या वाऱ्यास त्या नावाने ओळखू लागले, आणि पुढे ते नाव देशभर झाले, असे सांगतात. समुद्राचा राग आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांस ठाऊकच आहे. त्यांस ह्याचे अधिक स्पष्टीकरण नको. यात्रेकरूंनी ह्यातून एवढेच घ्यावे की, उबदार वारा सुटला म्हणून गरम कपडे पेटीत टाकू नयेत. बहुधा दुसऱ्याच दिवशी थंडी परत येते.

त्या २६ जणांची वाट

ज्यांच्यासाठी आपण तेथे जावयाचे, त्यांनी हीच हवा कशी सोसली, हेही पाहू.

संत गोन्सालो ह्यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून ते कोवळ्या वयातच जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पुढे काही काळ व्यापार केला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली ते पुन्हा जपानात आले ते फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांचे दुभाषे म्हणून. म्हणजे जपानची थंडी त्यांस नवी नव्हती. १५९६ च्या डिसेंबरात हिदेयोशी ह्या सत्ताधीशाच्या आज्ञेने त्यांची धरपकड झाली. जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योतो येथे त्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापण्यात आल्या आणि मग त्यांस नागासाकीकडे चालविण्यात आले. अंतर सुमारे ८०० किलोमीटर.

ते कोणत्या दिवसांत चालले, हे ध्यानी घ्यावे. जानेवारीच्या अखेरचे दोन आठवडे तेथील पंचांगात 'महाशीत' म्हणून गणले जातात. वर्षातील सर्वांत कडक थंडीचे ते दिवस. क्योतो तर नागासाकीहून थंड. ओसाका, हिमेजी, हिरोशिमा, शिमोनोसेकी, हाकाता असा तो मार्ग होता. आजींचा मुलगा ज्या फुकुओका शहरी राहतो, त्याच शहरात जुने हाकाता आज सामावले आहे. २४ जण निघाले होते. वाटेत आणखी दोघे त्यांत जोडले गेले. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी १२ वर्षांचा होता. ४ फेब्रुवारीस ओमुराचे आखात होडीने ओलांडून ते तोगित्सु येथे आले आणि ती रात्र त्यांनी बांधलेल्या हातांनी होडीतच काढली. पाण्यावरची, उघड्यावरची फेब्रुवारीची ती रात्र कशी असेल? आम्ही चार लोकरी कपडे घालून बंदरावर सायंकाळी पंधरा मिनिटे उभे राहिलो, तेव्हा आम्हांस त्याची थोडीशी कल्पना आली. दुसऱ्या दिवशी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, निशिझाका टेकडीवर त्या २६ जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी त्यांस संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत ते आपले गोन्सालो.

आज त्या टेकडीवर १९६२ साली उभारलेले स्मारक आहे. फुनाकोशी ह्या शिल्पकाराने घडविलेल्या २६ ब्राँझच्या मूर्ती एका ओळीत आहेत. दर वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी तेथल्या उघड्या पटांगणात हुतात्म्यांच्या स्मरणार्थ मिस्सा होते. 'उघड्या' हा शब्द आजींनी नीट वाचावा. २६ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी नागासाकीतील क्रीडांगणावर मिस्सा अर्पिली, तेव्हा महिना संपत आला असूनही बर्फ पडत होते आणि हजारो भाविक त्या बर्फात उभे होते. तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीचाही भरवसा धरू नये.

काय न्यावे, कसे वागावे

एक जाड स्वेटर आणि शाल ह्यांवर विसंबू नये. अंगालगत लोकरीचे वा त्या जातीचे पातळ, घट्ट कपडे, त्यावर नेहमीचा पोशाख, त्यावर स्वेटर आणि सर्वांवर वारा व पाणी न शिरणारा लांब कोट, असे थर करावेत. लुगडे नेसणाऱ्या बायकांनी आतून लोकरी पायजमा घालण्यास मुळीच संकोचू नये. कोणास दिसत नाही आणि गुडघे दुवा देतात. ट्राम, दुकाने, आगगाड्या आतून चांगल्या गरम असतात. तेथे शिरताच कोट काढावा, नाहीतर घाम येतो आणि बाहेर पडताच तोच घाम गार होऊन बाधतो.

डोके, कान, मान, हात व पाय ही पाच ठिकाणे झाकलेली असावीत. आपली साधी माकडटोपी तेथे फार उपयोगी पडते. बूट बंद, आणि तळवा न घसरणारा हवा, कारण नागासाकी हे दगडी पायऱ्यांचे आणि चढउतारांचे शहर आहे. पावसात त्या पायऱ्या निसरड्या होतात. मोजे जाड घ्यावेत व न फाटलेले घ्यावेत, कारण तेथील घरांत आणि पुष्कळ ठिकाणी बूट बाहेर काढावे लागतात व जमीन बर्फासारखी गार असते. छत्री रोज जवळ ठेवावी.

'काइरो' नावाच्या लहान पुड्या तेथे कोणत्याही दुकानात मिळतात. त्यांत लोखंडाची पूड असते. वेष्टन फोडले की हवेशी संयोग होऊन ती गंजते, आणि त्या गंजण्यातूनच कित्येक तास ऊब मिळत राहते. ती पुडी कपड्यावरून लावावी, उघड्या कातडीवर कदापि लावू नये, आणि अंगावर ठेवून झोपू नये. हळूहळू भाजते व कळतदेखील नाही.

घरातील थंडीबद्दल पाहुण्यांस कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. जुन्या जपानी घरांत माणसे बसतात ती खोली तेवढी तापविलेली असते. ओसरी, न्हाणीघर, शौचकूप गारठलेले. अशा गार न्हाणीघरातून एकदम कढत पाण्याच्या टाकीत उतरल्याने रक्तदाब एकाएकी खालीवर होतो, आणि दर हिवाळ्यात तेथील अनेक वृद्ध ह्यामुळे दगावतात. आजींनी न्हाणीघर आधी ऊबदार करून घ्यावे, पाणी कोमट ठेवावे, आणि स्नानास जाताना मुलास वा सुनेस सांगून जावे.

खाण्यापिण्याची चिंता नको. रस्त्यांवरील यंत्रांतून हिवाळ्यात चहा-कॉफीचे गरम डबे मिळतात. हात शेकावयासही ते बरे. नागासाकीचा 'चांपोन' नावाचा शेवयांचा वाफाळलेला रस्सा, त्यात डुकराचे मांस, मासळी व भाज्या घालतात, तो थंडीत फार बरा लागतो. पावास तेथे 'पान' म्हणतात. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' दोन्ही पोर्तुगीजांनीच दिलेले. खोबरेल तेलाची बाटली नेल्यास ती पोहोचताच दगड होईल. ओठ व हात फुटू नयेत म्हणून मलम न्यावे. फेब्रुवारीपासून तेथे सुरूसारख्या उंच देवदारांचे परागकण हवेत उडू लागतात व पुष्कळांस शिंका येतात, म्हणून ज्यांची छाती नाजूक आहे त्यांनी तोंडावर पट्टी बांधावी. नेहमीची औषधे पुरेशी घ्यावीत, त्यांची चिठ्ठी बरोबर ठेवावी, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आजींना आमचे उत्तर

आजी, डॉक्टर 'जा' म्हणत असतील तर तुम्ही जा. ही थंडी तुमच्या वयास जड आहे, पण तयारीने गेल्यास सोसण्याजोगी आहे. मात्र तीन गोष्टी पाळा. जानेवारीच्या अखेरीसच मुलाकडे पोहोचा आणि आठवडाभर त्या हवेची सवय करून घ्या. नागासाकीस आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा. टेकडी रेल्वेस्थानकापासून जवळच आहे, पण चढ आहे, म्हणून वाहनाने वर जा. आणि ५ फेब्रुवारीस जर वारा-पाऊस असेल, तर हट्टाने पटांगणात उभ्या राहू नका. स्मारकाशेजारीच संग्रहालय आहे, तेथे बसून प्रार्थना करा आणि हवा निवळली की दोन दिवसांनी वर या.

नवस मोडेल म्हणून घाबरू नका. खाजगी नवसात रास्त कारणासाठी सूट वा बदल देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने धर्मगुरूंस दिलेला आहे. बडोद्याच्या आपल्या धर्मगुरूंशी निघण्यापूर्वी मोकळेपणाने बोला. डॉक्टरांनी फेब्रुवारी नाकारलाच, तर १७ मार्चचा विचार करा. १८६५ साली त्याच दिवशी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये, जे ह्याच २६ हुतात्म्यांस वाहिलेले आहे, उराकामीच्या काही खेडुतांनी फादर पेतिजाँ ह्यांस हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. अडीचशे वर्षे छळ सोसून त्यांनी श्रद्धा लपवून जपली होती. तेव्हा हवा उबदार झालेली असते, पाऊस मात्र थोडा अधिक पडतो. तुमचे यजमान त्याही दिवशी रागावणार नाहीत.

जाल त्या दिवशी गास, नंदाखाल, पापडी, निर्मळ ह्या आपल्या गावांची नावे त्या टेकडीवर एकदा उच्चारा, आणि आमच्या धर्मग्रामासाठी एक मेणबत्ती लावा. परत आल्यावर त्या दिवशी ऊन होते की बर्फ, हे आम्हांस कळवा. आम्ही ते ह्याच पृष्ठावर छापू, म्हणजे पुढल्या यात्रेकरूस आमच्यासारखा ताप भरणार नाही.